कार्डाला नाव विचारताना

सेलूच्या जिनिंगमधला वजनकाटा
मंगळवारपासून बोलत नव्हता.
खाली लोखंडी पाट, वर काचेची खोली,
खोलीत एक कम्प्युटर, पंख्याच्या जाळीत रुई साठलेला,
आणि त्याच्या पोटात माझा प्रोग्रॅम,
सी मधला, अकरा वर्षांपूर्वीचा.

तेव्हा मी फार हुशार होतो.
कुणी नक्कल करू नये म्हणून
सुरुवातीलाच पहारा बसवला होता:
नेटवर्क कार्डाचा पत्ता विचार,
यादीतला असेल तरच आत सोड.
रविवारी व्होल्टेज चढलं, कार्ड जळालं,
भुतडाशेठनी परभणीहून नवं आणवलं,
आणि माझ्याच पहारेकऱ्यानं
त्याला दारात उभं करून ठेवलं.

बाहेर एकोणीस ट्रॅक्टर.
कापसावर पोतं पांघरून झोपलेली पोरं.
"कामून अडलंय म्हणायचं?" खय्यूमचाचांनी विचारलं.
म्हणालो, नव्या कार्डाला त्याचं नाव विचारायचंय.
"मग विचारा की."

आधी एक सॉकेट उघडावं लागतं.
त्यातून कुणाशी बोलायचं नसतं,
नुसतं दार किलकिलं करायचं,
कर्नलला हाक ऐकू जाईल एवढं.
मग एक कोरं स्ट्रक्चर शून्यांनी सारवून घ्यायचं,
त्याच्या कपाळी इंटरफेसचं नाव लिहायचं
आणि आयओसीटीएलच्या हाती आत धाडायचं,
तहसीलच्या खिडकीत फॉर्म सरकवतात तसं.
नशीब असेल तर
त्याच कागदावर उत्तर लिहून येतं.

घाईत मी पहिल्यांदा 'लो' ला विचारलं.
लूपबॅक. यंत्राचा आपल्याआपल्यातच फिरणारा रस्ता.
उत्तर आलं: शून्य शून्य, शून्य शून्य,
सहाही घरं ओस.
बरोबरच आहे.
जो फक्त स्वतःशी बोलतो
त्याला पत्ता कशाला लागतो.
अकरा वर्षांत या गावी
मी एक फोनसुद्धा केला नव्हता.

दुसऱ्यांदा नाव नीट लिहिलं.
आली सहा घरं, पण चौथं भलतंच सुजलेलं,
दोन अक्षरांच्या जागी आठ,
पुढे सहा एफ, मागे कुठेतरी बी आठ.
रात्रीचे दोन. डोळ्यांत रुई.
मग आठवलं: साधा कॅरॅक्टर चिन्ह बाळगून असतो,
एकशे सत्तावीसच्या पलीकडे गेला
की स्वतःला ऋण समजू लागतो,
आणि छापायला घेतला की लांबतच जातो.
एकच शब्द लिहिला, अनसाइन्ड.
सूज उतरली.

चाचांना दाखवलं:
पहिली तीन घरं कारखान्याची, सगळ्या भावकीला सारखी,
पुढची तीन याची एकट्याची.
"अन् ते आयपी का काय म्हणतेत ते?"
ते भाड्याचं. खोली बदलली की बदललं.

चाचा वाकले, टेबलाखालून एक खोकं काढलं,
ज्यात ते परवापासून सुपारी ठेवत होते.
"हेच ना?"
बाजूला पांढरं स्टिकर. बारीक छपाई.
बाराची बारा अक्षरं तीच.
"इथंच व्हतं की. तुम्ही मशीनलाच पुसत बसले,
मला वाटलं, तसाच कायदा असंल."

मी हसलो.
खोक्यावर भरवसा ठेवता येत नाही वगैरे
काहीतरी बोललो.
चाचांनी सुपारी कातरून अर्धी मला दिली.

यादीत नवा पत्ता घातला.
जुन्याची ओळ खोडणार, तर ड्रॉवरमध्ये
ते काळं पडलेलं कार्ड दिसलं.
अकरा हंगाम, रोज पहाटे
तोच प्रश्न, तेच उत्तर.
ओळ राहू दिली, शेऱ्याच्या खुणांमध्ये.
कंपायलर ती वाचत नाही.

तीन वाजून दहा मिनिटांनी
पहिला ट्रॅक्टर पाटावर चढला.
आकडा स्थिरावायच्या आधीच
चाचांनी काच सरकवली.
"कुठलं?"
"वालूर."
"वालूरमधी कोणाचं?"
थंडीनं आखडलेल्या जबड्यानं ते पोरगं
थोडा वेळ उत्तर जुळवत राहिलं.